सुपुर्दनामा : वस्तू, वर्णन आणि मालकी

आयुधनिर्माणींमुळे बहुभाषिक झालेल्या जबलपूरच्या रांझी भागात पोलिसांनी जप्त केलेली दुचाकी सोडवायची, तर मराठी माणसालाही हिंदीत अर्ज करून 'सुपुर्दनामा' लिहून द्यावा लागतो. या शब्दात एक पेच आहे. सुपूर्द करणे म्हणजे सांभाळण्यासाठी सोपविणे. खटल्याच्या काळात मालक आपल्याच वस्तूचा राखणदार ठरतो. ती विकण्याची वा तिचे रूप पालटण्याची मुभा त्याला नसते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 451 अन्वये मिळे तो ताबा, मालकीचा निवाडा नव्हे.

'सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य' (2002) या प्रकरणात आरोपी खुद्द पोलीस होते. ठाण्यातील मुद्देमालाच्या जागी नकली वस्तू ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. निकाल देणाऱ्या खंडपीठातील न्या. धर्माधिकारी पूर्वी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात होते. तपशीलवार पंचनामा, छायाचित्रे व बंधपत्र घेऊन वस्तू परत करावी, ती ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून अधिक राहू नये, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे पुढे साक्ष द्यायची ती वस्तूच्या वर्णनाने! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने न्यायालयाला अशा वर्णनासाठी चौदा आणि त्यानंतर विल्हेवाटीच्या आदेशासाठी तीस दिवसांची मुदत घातली.

पंचनाम्याची भाषा मात्र सावध असते. मंगळसूत्र तिथे 'पिवळ्या धातूचे' होते, आणि ते आपलेच हे दाखविण्यासाठी मालकिणीला सोनाराची जुनी पावती शोधावी लागते.