आंबेवाल्याचा 'सुप्रभात'

नवा धंदा काढणाऱ्याला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो भांडवलाचा नाही, पोस्टचा. रोज काहीतरी टाका; दिसेनासे झालात की संपलात. या पूर्वपक्षाचे आधार दोन. एक म्हण: बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. आणि दुसरा इन्स्टाग्रामचा अल्गोरिदम, जो म्हणे गप्प बसणाऱ्याला मागे ढकलतो.

म्हण खरीच आहे, पण तिच्यात 'रोज' कुठे आहे? रत्नागिरी-देवगडहून थेट घरपोच हापूस पाठवणाऱ्या बागायतदाराचंच पाहू. त्याचा माल मुख्यतः मार्च ते मे एवढाच. उरलेले नऊ महिने रोज काय बोलणार? मग सुरू होतं सुप्रभात, दिनविशेष, थोरांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या, आणि कोपऱ्यात पेटीचं चित्र. अशाच एकाने मला न विचारता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ओढलं होतं. आंबा चांगला होता त्याचा, नाही कशाला म्हणू. पण ऑगस्टात जागतिक छायाचित्रण दिनाच्या शुभेच्छा आल्या, तेव्हा मी बाहेर पडलो. पुढच्या वर्षीची माझी पेटी दुसरीकडून आली.

आता अल्गोरिदम. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जून 2021 मध्ये पोस्टची क्रमवारी कशी लागते ते सविस्तर सांगितलं. बघणारा पोस्टवर काही सेकंद थांबेल का, लाइक, कमेंट किंवा सेव्ह करेल का, प्रोफाइल उघडेल का, याचा अंदाज बांधून क्रम ठरतो. एकाच माणसाच्या पोस्ट लागोपाठ फार दाखवणं अल्गोरिदम टाळतो, हेही त्यात आहे. म्हणजे न बघता अंगठ्याने सरकवलेली पोस्ट ही पुढच्या पोस्टविरुद्धची साक्षच ठरते. वारंवार टाकून कुणाचाच फायदा होत नाही, असं माझं म्हणणं नाही. ज्याचा धंदाच बघे जमवण्याचा, त्याला नजरेचे पैसे मिळतात. बागायतदाराची कलमं मोजकी. लाख लोकांनी बघितलं म्हणून त्यांना जास्त आंबे धरत नाहीत. एकाचा नियम दुसऱ्याच्या गळ्यात बांधलाय, घोळ एवढाच.

व्हॉट्सअ‍ॅप राहिलं. त्याच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणच मावतात, आणि निरोप पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. या अटीला नावं ठेवत लोक ग्रुप काढतात. मला मात्र ती फार शहाणी वाटते. नंबर सेव्ह करणं हा गिऱ्हाइकाचा होकार आहे, आणि तो मागूनच घ्यावा लागतो.

मग गप्पच बसावं का? 'माल चांगला असला की गिऱ्हाईक शोधत येतं' हे जुन्या पेढीवाल्यांचं तत्त्वज्ञानही मला मान्य नाही. आंब्याला तर ते मुळीच लागू नाही. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी देवगडचं नाव छापलेल्या खोक्यात भलतीकडचा आंबा निघतो. गिऱ्हाइकाच्या मनात शंका असतात, आणि त्यांची उत्तरं म्हणजेच बातमी. यंदा मोहोर आला की पालवीच फुटली? अवकाळी पावसानंतर तुडतुड्याने किती नुकसान केलं? कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, टिकली का? पहिली पेटी कधी निघणार, डझनाचा भाव काय? फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे. मग गवताच्या अढीत तुमचा आंबा कसा रंग धरतोय, ते अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत दाखवा. त्याला कोण कंटाळेल? आत साका, म्हणजे गराचा खराब पांढरट भाग, निघाला तर फळ बदलून देणार की पैसे परत, हे पेटी पाठवण्याआधीच लिहा. असं पाठवलेलं लोक स्वतःहून बहिणीला, शेजाऱ्याला पुढे धाडतात.

डिसेंबरपासून मोजलं तर असे पंधरा-वीस निरोप होतील. पावसाने बाग गाठली की शेवटचा: यंदाचा आंबा संपला. त्यानंतर मोहोर येईपर्यंत खुशाल गप्प बसा. छायाचित्रण दिन तुमच्याविना पार पडेल.