बाथरूममधल्या नळावरचा गंज घरच्या घरी कसा काढायचा? लिंबू, चिंच आणि सोड्यामागचं विज्ञान

नळाची मूठ, टॉवेल रॉड, दाराची कडी, सांडपाण्याची जाळी यांवर तपकिरी डाग पडले की बरेच जण थेट ॲसिडची बाटली आणतात. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव येडशी (जि. धाराशिव). बग दुरुस्त करण्याआधी तो नेमका कुठे आहे हे शोधायची सवय आहे, त्यामुळे इथेही सुरुवात तिथूनच करू.

डाग गंजाचा आहे की क्षाराचा?

बालाघाटाच्या डोंगरात आमच्याकडे बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि सोबत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. पाणी वाळलं की पांढरा, खरखरीत थर उरतो. तो क्षार. तपकिरी-लालसर डाग म्हणजे गंज, अर्थात लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन मिळून बनलेलं आयर्न ऑक्साइड.

आता एक साधी चाचणी करा. त्या वस्तूला चुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर आत लोखंड असण्याची शक्यता जास्त, म्हणजे गंज तिथलाच. चिकटलं नाही तर नळ बहुधा पितळेचा आहे. पितळ गंजत नाही. तो डाग जुन्या लोखंडी पाइपातून किंवा शेजारच्या स्क्रूवरून ओघळून आलेला असतो.

कोणता उपाय कशासाठी?

१. लिंबू किंवा लिंबूसत्त्व: यातलं सायट्रिक ॲसिड गंज विरघळवतं आणि सुटलेलं लोखंड पाण्यात धरून ठेवतं, म्हणून ते पुसून निघतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व १ मोठा चमचा, १ ग्लास कोमट पाण्यात विरघळवा. त्यात कापड भिजवून डागावर गुंडाळा. २० ते ३० मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा.

२. चिंचेचा कोळ: यात टार्टरिक ॲसिड असतं. कोळ घट्ट असल्याने उभ्या रॉडवरही टिकून राहतो. वेळ तेवढाच.

३. व्हिनेगर: पांढऱ्या क्षारावर उत्तम. जुन्या गंजावर मात्र हळू चालतं.

४. खाण्याचा सोडा: थोड्या पाण्यात लगदा करून हलक्या डागावर चोळा. हा गंज विरघळवत नाही, फक्त बारीक घासतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा सल्ला सगळीकडे दिसतो. फेस छान येतो, पण तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि गंजाशी लढायला कोणी उरत नाही. वापरायचेच असतील तर आधी आम्ल लावा, धुवा, मग सोडा.

या चार गोष्टी टाळा

• मीठ: तांब्याची कळशी चिंच-मिठाने लख्ख होते, पण तीच युक्ती नळावर नको. मिठातलं क्लोराइड स्टीलला बारीक खड्डे पाडतं.

• तारेची घासणी: नळावरचा चकचकीत क्रोमचा मुलामा अगदी पातळ असतो. तो ओरखडला की खालचा धातू उघडा पडतो. आम्लही रात्रभर ठेवू नका.

• शहाबादी फरशीवर आम्ल: शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड. लिंबाचा थेंबही त्यांना खातो आणि पॉलिश जातं. खाली जाड फडकं अंथरा. फरशीवरच बादलीचा तपकिरी गोल उठला असेल तर फक्त सोड्याचा लगदा वापरा.

• ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र: हे सर्वांत धोक्याचं. टाकीत टाकायची टीसीएल पावडर आणि बाथरूमचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. लिंबू, व्हिनेगरनेही तेच होतं. बंद बाथरूममध्ये हा वायू जिवावर बेतू शकतो. डोळे झोंबले, खोकला आला तर साफसफाई सोडून लगेच मोकळ्या हवेत या. त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठा.

गंज परत येऊ नये म्हणून

डाग निघाल्यावर भाग धुऊन कोरडा पुसा. स्क्रू आणि बिजागऱ्यांना खोबरेल तेलाचं बोट फिरवा. मुलामा उडून धातूचे पापुद्रे सुटत असतील तर कोणताच उपाय पुरणार नाही, तो भाग बदला.

आणि मुख्य म्हणजे गळका नळ आधी दुरुस्त करा. बऱ्याचदा फक्त वायसर झिजलेला असतो, तो अगदी स्वस्तात मिळतो. सतत ओल असेल तिथे गंज येणारच. शिवाय २०१६ च्या दुष्काळात मिरजहून लातूरला पाण्याची रेल्वे आमच्या येडशीवरूनच गेली होती. आपल्या भागात ठिबकणारा नळ परवडत नाही, गंजासाठीही नाही आणि पाण्यासाठीही नाही.

तुमच्या घरी चुंबक कुठे चिकटलं, कुठे नाही, हे करून बघा. उपाय त्यावरूनच ठरवा.