बर्फाचे जहाज

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर एक गोलाकार, जुनी इमारत आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे काही दिवस राहिले, म्हणून आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. मी पाहायला गेलो तेव्हा रिक्षावाल्याला मात्र ‘आइस हाउस’ म्हटल्यावरच पत्ता कळला. तिथे बर्फ साठवीत, आणि तो येई थेट अमेरिकेतून! बर्फाचा गोळा घरी नेईपर्यंत हातात नुसती काडी उरलेली मी लहानपणी कितीदा पाहिली आहे. मला हे पचेना.

मे १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचे ‘टस्कनी’ जहाज बॉस्टनहून कोलकात्याला निघाले. आत १८० टन बर्फ. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोहोचला! पुढे तो मुंबईलाही येऊ लागला.

भुसा-गवताचे आवरण होतेच, पण खरी करामत पाण्याची. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते! ही ‘सुप्त उष्णता’ ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ओळखली. ती नसती तर वसंतात डोंगरावरचे हिम एकदम वितळून महापूर आले असते, हेही त्यांनी सांगितले. घामाचे पाणी वाफ होताना तर याच्या कितीतरी पट उष्णता अंगातून नेते. त्यावरच आपण वैशाख काढतो.

दुसरी गंमत तळ्यातली. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की हलके होऊन वरच राहते आणि वरच गोठते. म्हणून तर मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवर घोडे चालवून बर्फ कापता येई, आणि त्याच वेळी खाली मासे जिवंत असत. बर्फ बुडणारा असता तर तळी तळापासून गोठत आली असती. मग मासे कुठले? वॉल्डन तळ्यावरची १८४६-४७ च्या हिवाळ्यातली ही कापणी हेन्री थोरो यांनी पाहिली. त्यांच्या पुस्तकात तो बर्फ पोहोचणाऱ्या शहरांत मद्रास, कलकत्त्याबरोबर आपल्या मुंबईचेही नाव आहे.

१८८० च्या सुमारास यंत्रावरचा बर्फ मिळू लागला आणि ही जहाजे थांबली. मुंबई-कोलकात्याचे बर्फखाने पाडले गेले. चेन्नईचा तेवढा उभा आहे.