धुराच्या वासाची हायलँड सिंगल माल्ट : चव कशी घ्यायची, बाटली कशी तपासायची?

उज्जैन : काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवणाऱ्या या शहरात १ एप्रिल २०२५ पासून महापालिका हद्दीतली दारूची दुकानं आणि बार बंद आहेत. धार्मिक ठिकाणांबाबतचा हा निर्णय मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने २४ जानेवारी २०२५ रोजी महेश्वरच्या बैठकीत घेतला. भैरवाची प्रथा बंद झालेली नाही. पण भाविकाची बाटली असो की हौशी माणसाची स्कॉच, ती आता बाहेरूनच येते. अशा वेळी हातात काय आलंय, हे कळणं गरजेचं आहे.

धूर येतो कुठून?

माळव्यात बाफले कंड्यांवर भाजले की त्यांना धुराचा वास लागतो. इथेही तसंच. मोड आणलेलं सातू पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर. धुरातली फिनॉल नावाची द्रव्यं दाण्यात मुरतात आणि ती 'पीपीएम'मध्ये मोजतात. हा आकडा माल्टचा असतो, पेल्यातल्या व्हिस्कीचा नाही. गाळपात बरीच फिनॉल निघून जातात.

हायलँड भागातल्या बहुतेक व्हिस्की धुराच्या नसतात. अपवाद आहेत. पिटलॉक्रीजवळची एड्राडावर डिस्टिलरी 'बॅलेकिन' बनवते, तिचा माल्ट ५० पीपीएम किंवा त्याहून जास्त असतो. आर्डमोरचा साधारण १२ ते १४. आयला बेटावरच्या व्हिस्कीत आयोडीन, दवाखाना, समुद्र असा वास येतो. हायलँडच्या पीटमध्ये जळक्या लाकडाचा आणि मातीचा वास जास्त जाणवतो.

चव कशी घ्यायची?

१५-२० मिली पुरे. पेला तोंडाशी निमुळता हवा. नाक पेल्यात खुपसू नये, थोडं लांबूनच वास घ्यावा. पहिला घोट अगदी छोटा आणि जिभेवर फिरवून घ्यावा. नंतर चमचाभर पाणी. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं, की पाणी घातल्यावर धुराचा वास देणारं ग्वायकॉल पृष्ठभागाकडे येतं. बर्फाने मात्र वास दबतो. आधी धूर, मग सातूचा गोडवा, शेवटी राखेसारखी कोरडी चव असा क्रम बहुधा लागतो.

बाटलीवर काय पाहायचं?

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या सातूपासून बनलेली. स्कॉच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्के अल्कोहोलची असावी लागते. महत्त्वाचं म्हणजे, नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करणं बंधनकारक आहे. 'भारतात बाटलीबंद' असं लिहिलेली ब्लेंडेड स्कॉच खरी असू शकते, सिंगल माल्ट स्कॉच नाही. गोव्यातली पॉल जॉन 'बोल्ड' धुराचीच आहे, पण ती भारतीय सिंगल माल्ट. तिला स्कॉच म्हणून विकत असेल तर ती फसवणूक.

सील सैल, लेबल उचकटलेलं, बाटलीवर लॉट नंबर नाही, तर ती उघडूच नये. रिकाम्या महागड्या बाटलीत दुसरंच काही भरलं असेल, तर वरवर पाहून कळत नाही. त्यात मिथेनॉल असेल तर ते वासावरून किंवा चवीवरूनही ओळखू येत नाही. त्याने डोळे जातात, जीवही जातो. प्यायल्यानंतर धूसर दिसायला लागलं, पोटात दुखलं, तर तासभरही न थांबता दवाखाना गाठावा.

नियम काय?

परदेशातून येताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. मध्य प्रदेशात मद्यासाठी वयाची अट २१ आहे. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी २५, शिवाय परवाना लागतो. एका राज्यातली बाटली दुसऱ्या राज्यात नेण्याचे नियम वेगळे आहेत. दर्शनाला निघण्याआधी ते अबकारी कार्यालयात विचारून घ्यावेत.