जुन्या गोव्याचे इस्पितळ आणि पंडित वैद्य

आमच्या आजीच्या पिढीत ‘रुग्णालय’ हा शब्द कोणी उच्चारीत नसे. माणूस फारच खंगला तर त्याला ‘इस्पितळात’ नेत, आणि नेले म्हणजे घरात रडारड सुरू होई. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला. ज्या वास्तूमुळे तो या किनाऱ्यावर रुळला असावा, ते गोव्याचे राजरुग्णालय मांडवीच्या काठी होते. जुन्या गोव्याला गेलेला प्रवासी बॉम जेझूची बासिलिका पाहतो, से कॅथेड्रल पाहतो आणि परततो. रुग्णालयाची इमारत आज उभी नसल्यामुळे त्याची आठवण कोणाला होत नाही.

आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० साली गोवा जिंकल्यानंतर लवकरच या रुग्णालयाचा आरंभ झाला. ते पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. एतद्देशीय ख्रिस्ती लोकांची सोय निराळी होती. पुढे १५९१ साली त्याचा कारभार जेझुइट पाद्र्यांकडे आला. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी मालदीव बेटांजवळ जहाज फुटल्याने पाच वर्षे तेथे अडकला आणि नंतर कोचीनच्या तुरुंगाचा अनुभव घेऊन १६०८ साली आजारी अवस्थेत गोव्यात पोचला. त्याला या रुग्णालयात ठेवण्यात आले. त्याने केलेले वर्णन वाचून आजही नवल वाटते. स्वच्छ खाटा, कापसाच्या गाद्या, वरचेवर बदलल्या जाणाऱ्या चादरी, चिनी मातीच्या ताटवाट्यांतून येणारे जेवण, वैद्य आणि शस्त्रवैद्य यांच्या नित्य फेऱ्या. जगात असे रुग्णालय दुसरे नसावे, असे त्याचे मत झाले.

आणि तरीही माणसे मरत होती. १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत येथे सुमारे २५,००० पोर्तुगीज सैनिक मरण पावल्याचा आकडा इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांनी दिला आहे. हिवताप, अतिसार, पटकी आणि शहराचे दूषित पाणी यांपुढे त्या काळच्या युरोपीय वैद्यकाजवळ मुख्य उपाय होते दोन, रेच देणे आणि शीर तोडून रक्त काढणे. लांबच्या प्रवासाने आधीच अर्धमेल्या झालेल्या पोराचे रक्त पुन्हा पुन्हा काढल्यावर काय व्हायचे ते होई. शुश्रूषा उत्तम होती, हे मात्र नाकारता येत नाही. माणूस स्वच्छ अंथरुणावर, कोणीतरी जवळ असताना मरत होता, आणि ती सेवा पाद्री धर्मकार्य म्हणूनच करीत होते.

परंतु त्याच धर्माची एक अट होती. रोग हा पुष्कळदा पापाचा परिणाम असतो, म्हणून वैद्याने प्रथम रोग्याला पापनिवेदनासाठी पाद्री बोलावण्यास सांगावे, असा ठराव १२१५ सालच्या लॅटरन परिषदेनेच केला होता. १५६६ साली पोप पाचवा पायस याने तो अधिक कडक केला. तीन दिवसांत रोग्याने पापनिवेदन केले नाही, तर वैद्याने त्याच्याकडे जाणे थांबवावे, असा तो आदेश होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, १५६७ मध्ये, गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि ख्रिस्ती माणसाने ख्रिस्तीतर वैद्य, सुईण वा न्हावी बोलावू नये असे ठरले. या दोन गोष्टींचा संबंध मला स्पष्ट दिसतो. हिंदू वैद्य नाडी पाहील, काढा देईल, पथ्य सांगेल. पण पाद्र्याला बोलवा असे तो कशाला सांगणार?

हे वाचून केवळ परकीयांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. माझी आई १९७० च्या दशकात बेळगावी अत्यवस्थ झाली, तेव्हा जवळचे चांगले रुग्णालय मिशनचे होते. मिशनचे, म्हणूनच वडिलांनी दोन दिवस घालवले. शेवटी नेले. तेथल्या एका वृद्ध सिस्टरने पहिल्याच संध्याकाळी विचारले, “आईंच्या उशाशी गीता वाचायला घरचे कोणी येणार का? आले तर भेटीच्या वेळेची अट मी पाहून घेईन.” ती स्वतः प्रार्थनेला आपल्या चॅपेलमध्ये जाऊन येई. आई वाचली नाही. त्या दोन दिवसांचा हिशेब वडिलांनी पुढे कधी कोणाजवळ काढला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

असो. धर्मपरिषद भरली त्या सुमारास गोव्यात गार्सिया द ओर्ता हा नामांकित पोर्तुगीज वैद्य राहत होता. १५३४ साली तो येथे आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याची ये-जा असे. १५६३ साली त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात मालूपा नावाचा येथला हिंदू वैद्य एका संवादात प्रत्यक्ष बोलतो. आधी आपल्या शास्त्रातले उपाय करावेत आणि ते न चालल्यास येथल्या ब्राह्मण वैद्यांचे घ्यावेत, अशी आपली रीत असल्याचे ओर्ता मोकळेपणाने सांगतो. पटकीवरील त्याचे प्रकरण तर मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे. रोगाचे येथले नाव म्हणून तो जे देतो ती आपली ‘मोडशी’ होय. इस्पितळ त्यांनी आपल्याला दिले, मोडशी आपण त्यांना दिली. सौदा कोणाच्या फायद्याचा झाला ते वाचकांनी ठरवावे. येथले वैद्य रोग्याला मिरे-जिरे घातलेली भाताची पेज पाजतात, असेही तो नोंदवतो. ते पायांना डागही देत आणि डोळ्यांत पिंपळी घालीत, तेव्हा आपल्या वैद्यकाची सरसकट आरती ओवाळण्याचे कारण नाही. पण अंगातले पाणी निघून चाललेल्या रोग्याला पेज पाजणे आणि त्याची शीर तोडणे, यांत कोणते बरे, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल.

खुद्द ओर्ताचे काय झाले? त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना ख्रिस्ती होणे भाग पडले होते. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली आले. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले आणि १५८० साली ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली. ज्याने गव्हर्नरांच्या नाड्या पाहिल्या, त्याचा धर्म असा मरणानंतर बारा वर्षांनी तपासला गेला. तोवर त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप युरोपात पोचलाही होता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १५८३ मध्ये, यान ह्यूखेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आला. म्हणजे मनाई करणाऱ्यांच्या घरातलाच हा साक्षीदार. तो लिहितो की, व्हाइसरॉय, खुद्द आर्चबिशप आणि मठांतले पाद्री यांचा आपल्या देशबांधव वैद्यांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक विश्वास आहे. हे वैद्य गोव्याच्या रस्त्यांतून पोर्तुगीजांप्रमाणे डोक्यावर छत्री धरवून जात. इतर हिंदूंत वकील वा बडे व्यापारी सोडले, तर तो मान कोणाला नव्हता.

सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटत नाही. मनाईहुकमाचा मसुदा निरोगी माणसे टेबलाशी बसून करतात. रात्री दोन वाजता ताप मेंदूत चढला की तीच माणसे गुपचूप निरोप धाडतात. शिवाय कागदोपत्री मनाई आणि व्यवहारात गरज असे झाले, की प्रत्येक राज्यकारभार अखेर एकाच वाटेने जातो, ती म्हणजे परवान्याची. गोव्यातही तेच झाले. १६१८ साली नगरपालिकेने ठरवले की परीक्षा देऊन परवाना घेतल्याविना कोणी वैद्यकी करू नये, आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसपेक्षा अधिक नसावी. परिषदेने एकही नको म्हटले होते. एकावन्न वर्षांनी त्याच शहराने तीस मोजून घेतले.