योग्या : सुश्रुतापासून भ्रमणध्वनीपर्यंत

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पहिली चूक कोणाच्या देहावर करावी, हा प्रश्न वैद्यकशिक्षणाइतकाच प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ या नवव्या अध्यायात त्याचा विचार आढळतो. योग्या म्हणजे सराव. शास्त्र पढलेला, परंतु योग्या न केलेला शिष्य कर्मास अपात्र होय, असे सांगून संहिताकाराने छेदनासाठी कोहळा व कलिंगड, वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ, सीवनासाठी वस्त्र व मऊ चामडे आणि बंधनासाठी मनुष्याकृती पुतळा नेमून दिला आहे. एकच साधन सर्व कर्मांस पुरत नाही, हे यातील मर्म होय.

पुढील इतिहास याच मर्माची साक्ष देतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे यांनी सुईणींच्या शिक्षणासाठी प्रसूतीची कापडी प्रतिकृती वापरली. १९६० साली नॉर्वेत कृत्रिम श्वसन शिकविणारी ‘रिससी ॲन’ ही बाहुली आली. १९६८ साली मायामी येथे हृदयध्वनी ऐकविणारा ‘हार्वे’ सिद्ध झाला. प्रत्येक प्रतिकृतीने देहाचा एकेकच धर्म उचलला, आणि तेवढाच शिकविला.

भ्रमणध्वनीवरील ॲपचाही न्याय याच कसोटीने करावयास हवा. काल्पनिक रुग्णास प्रश्न विचारणे, तपासण्या निवडणे, उपचारांचा क्रम ठरविणे, हे निर्णयाचे अंग ते उत्तम घोटून घेते. परंतु पडद्यावर बोट फिरविल्याने शीर सापडत नाही व यकृताची कडा हातास लागत नाही.

हा विचार हिंगोलीस विशेष लागू आहे. निजामी राजवटीत येथील विद्यार्थ्यास वैद्यकासाठी हैदराबाद गाठावे लागे. मराठवाड्यात औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले. हिंगोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. देशात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने कौशल्य-प्रयोगशाळेस स्थान दिले आहे. नव्या संस्थेत स्वस्त व सुलभ ॲप त्या प्रयोगशाळेची जागा घेऊ लागल्यास त्याची किंमत जिल्हा रुग्णालयातील निर्धन रुग्णास मोजावी लागेल; कारण पहिली सुई तेव्हा त्याच्याच दंडात टोचली जाईल. ॲप असावे, परंतु कमळाचा देठही असावा.