मुलांची अर्धशिशी आणि लुळा पडणारा डोळा

अर्धशिशी हें दुखणें मराठी घरांना नवीन नाहीं. अर्ध्या डोक्यांत ठणका, उजेड नकोसा होणें, मळमळ, वांती, आणि एक झोंप झाली कीं माणूस पूर्ववत् होणें, हा तिचा परिचित क्रम होय. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत तिला अर्धावभेदक म्हटलें आहे. ग्रीक वैद्य गेलन यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत योजिलेल्या नांवाचा अर्थहि 'अर्धें डोकें' असाच होता, आणि त्याचाच अपभ्रंश होत होत 'मायग्रेन' हा शब्द बनला. परंतु फार थोड्या मुलांत ही अर्धशिशी एक निराळें व भयप्रद रूप घेते. निदान वैद्यांना शंभरांहून अधिक वर्षें तसें वाटत आलें. त्या समजुतीचा उदय आणि अस्त हा वैद्यकाच्या इतिहासांतील एक बोधप्रद भाग आहे.

सहा-सात वर्षांचें एखादें मूल डोळ्याभोंवतीं दुखतें म्हणून रडूं लागतें. त्याला वांत्या होतात. दोन-चार दिवसांनीं दुखणें ओसरूं लागतें, घरचीं माणसें निश्चिंत होतात, तोंच त्या बाजूची पापणी खालीं येते. ती उचलून पाहावी तर बुबुळ बाहेरच्या कोपऱ्याकडे वळलेलें असतें, बाहुली बहुधा विस्फारलेली असते, आणि मुलाला एकाच्या जागीं दोन वस्तु दिसतात. कांहीं आठवड्यांत डोळा हळूहळू ताळ्यावर येतो. पण महिन्यांनीं वा वर्षांनीं तेंच सारें पुन्हां घडतें.

हें कसें होतें तें समजण्यास थोडी शरीररचना ध्यानीं घ्यावी लागेल. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं तीन जोड्या डोळा फिरवितात. त्यांत तिसरा तंतु मुख्य. डोळा फिरविणाऱ्या सहा स्नायूंपैकीं चार त्याच्या ताब्यांत असतात. पापणी उचलणें आणि बाहुली आकुंचित करणें हेंहि त्याचेंच काम. चौथा आणि सहावा हे तंतु एकेका स्नायूचे धनी. या रोगांत बहुधा तिसराच तंतु लुळा पडतो. सहावा क्वचित्, आणि चौथा त्याहूनहि क्वचित्. रोग इतका दुर्मिळ कीं, दहा लक्ष लोकवस्तींत वर्षाकांठीं एक नवा रोगी देखील सांपडत नाहीं असा अंदाज आहे.

अशा रोग्याचें पहिलें वर्णन पॅरिसचा वैद्य आदोल्फ गुब्लेर यानें १८६० सालीं केलें असें मानतात. १८८४ सालीं लाइप्झिगच्या पाउल मोबियसनें याच विषयावर लेख लिहिला आणि रोगाला 'ठराविक काळानें परतणारा तिसऱ्या तंतूचा पक्षाघात' असें लांबलचक नांव दिलें. पुढें १८९० सालीं पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांतील जगद्विख्यात मज्जारोगतज्ज्ञ जां मार्तें शार्को यानें 'डोळा लुळा पाडणारी अर्धशिशी' या अर्थाचें सुटसुटीत नांव रूढ केलें. या दोन नांवांत महत्त्वाचा भेद आहे. मोबियसनें जें दिसलें तेवढेंच सांगितलें होतें. शार्कोच्या नांवांत तें कां घडतें याचें उत्तरहि गृहीत धरलेलें होतें. शार्कोचा अधिकार मोठा, म्हणून त्याचें नांव टिकलें.

एकदां अर्धशिशी हेंच मूळ ठरल्यावर अर्धशिशीच्या ज्या उपपत्त्या निघाल्या त्या या रोगालाहि लागूं झाल्या. १८७३ सालीं एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज वैद्यानें अर्धशिशीला मज्जासंस्थेंतील वादळ म्हटलें होतें. १९३८ सालीं अमेरिकेंत ग्रॅहॅम आणि वुल्फ यांनीं दाखविलें कीं, अर्गट या बुरशीपासून काढलेल्या औषधानें कानशिलाच्या धमनीचें उडणें मंदावतें आणि त्याबरोबर वेदनाहि ओसरते. तेव्हांपासून फुगलेली रक्तवाहिनी हीच सर्वांच्या दृष्टीनें मुख्य अपराधी ठरली. १९६० सालीं वॉल्श आणि ओडोहर्टी यांनीं तोच धागा पुढें नेला. डोळ्याच्या मागें कवटीच्या तळाशीं अशुद्ध रक्ताचा एक कप्पा आहे. मानेंतून वर येणारी मोठी धमनी त्यांतून जाते, आणि तिसरा तंतु त्याच्या भिंतींतून जातो. अर्धशिशींत त्या धमनीची भिंत सुजते व शेजारच्या तंतूला दाबते, असें त्यांचें म्हणणें. दुसऱ्या कांहींच्या मतें तंतूचें पोषण करणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याच आकसतात आणि तंतु उपाशी राहतो.

या उपपत्त्या युक्तिसंगत होत्या. परंतु जिवंत मुलाच्या कवटींत डोकावून त्या ताडून पाहण्याची सोय नव्हती. ती सोय चुंबकाच्या साहाय्यानें चित्र घेणाऱ्या एम. आर. आय. यंत्रानें करून दिली. गॅडोलिनियम या धातूचें द्रव्य शिरेंत टोंचून चित्र घेतलें म्हणजे सुजलेला भाग उजळून दिसतो. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत अशा रोग्यांचा तिसरा तंतु जाड होऊन उजळलेला आढळला, आणि रोगी बरा झाल्यावर ती खूण मावळली. विशेष हें कीं, सूज होती ती मेंदूपासून तंतु निघतो त्या जागेजवळ. वॉल्शच्या धमनीशेजारीं नव्हे.

मग जुन्या विसंगतीहि नजरेंत भरल्या. साधी अर्धशिशी फार तर तीन दिवसांत संपते. येथें वेदना आठवडाभरहि राहते, आणि वेदनेनंतर डोळा लुळा पडेपर्यंत कधीं कधीं चौदा दिवस लोटतात. २००१ सालीं ऑस्ट्रेलियांतील जेम्स लान्स आणि झगामी यांनीं प्रश्नच उलटा केला. तंतूवरील संरक्षक आवरण वारंवार झिजतें व पुन्हां भरून येतें. हा मूळचा तंतूचाच विकार असून डोकेदुखी त्याच्या मागून येते, असें कां नसावें? २००४ सालीं डोकेदुखींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत हा रोग अर्धशिशीच्या सदरांतून काढून तंतुविकारांत घालण्यांत आला, आणि २०१३ सालीं त्याला 'वारंवार उद्भवणारा वेदनायुक्त नेत्रतंतुविकार' हें नांव मिळालें. म्हणजे सव्वाशें वर्षांनीं वैद्यक पुन्हां मोबियसच्या सावध नांवाजवळ आलें.

तथापि वाद मिटलेला नाहीं. यांतील पुष्कळ मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना साधी अर्धशिशीहि असते. चेहऱ्याची संवेदना वाहणारा पांचवा तंतु मेंदूच्या तळच्या रक्तवाहिन्यांवर कांहीं द्रव्यें सोडतो, त्यानें शेजारचा तिसरा तंतु सुजत असेल, असें कांहीं तज्ज्ञ मानतात. चंडीगड येथील वैद्यांनीं २००९ सालीं ६२ प्रौढ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत सहावा तंतु अधिक वेळां लुळा पडलेला होता. तेव्हां एका नांवाखालीं दोन निरनिराळे रोग वावरत असणें अशक्य नाहीं.

ही केवळ शब्दांची घासाघीस आहे असें कोणी समजूं नये. 'अर्धशिशीच आहे, उतरेल' असें म्हणून पडलेल्या पापणीकडे दुर्लक्ष झालें तर घात होऊं शकतो. कारण तंतूवरील गांठ, मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा धमनीला आलेला फुगा यांचेंहि चिन्ह तेंच असतें. तीं कारणें तपासून वगळल्यावरच या रोगाचें निदान करतां येतें. शिवाय वारंवार आघात झाल्यास डोळ्यांत कायमचा तिरळेपणा राहूं शकतो, आणि लहान वयांत तिरळ्या डोळ्याची दृष्टि मंदावण्याचा धोका असतो. दाह शमविणाऱ्या स्टेरॉइड औषधांनीं कांहीं मुलांना गुण येतो, परंतु त्यांविषयीं एकमत झालेलें नाहीं.

इतक्या दुर्मिळ रोगाचे फारसे रोगी कोणाहि एका वैद्याच्या वांट्याला येत नाहींत. म्हणून घरांतील नोंदीला येथें मोल आहे. वेदना कोणत्या दिवशीं सुरू झाली, पापणी कोणत्या दिवशीं पडली आणि केव्हां उचलली, एवढें आईबापांनीं लिहून ठेवलें तरी वैद्याचें काम सुकर होतें. शार्कोच्या सिद्धान्तावर शंका घेतली गेली, तिला असल्याच साध्या दिवसांच्या हिशेबाचा मोठा आधार होता.